घरगुती नॅसची गतिवृद्धी

घरगुती नॅस म्हणजे घरातील स्थानिक जालाला जोडलेले आणि त्या जालावरील सर्व संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच यांना सामाईकपणे वापरता येणारे साठवणयंत्र होय. 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांपासून 'नॅस' हा शब्द तयार झाला. मराठीत त्याला 'जालसंलग्न साठवण' असे म्हणता येईल. व्यवहारात मात्र नॅस हाच शब्द रूढ आहे. असे यंत्र म्हणजे प्रत्यक्षात एक लहानसा संगणकच असतो. त्यात प्रक्रियक, स्मृती, दोन ते आठ हार्ड डिस्क बसतील असे कप्पे आणि एक वा अधिक जाल-पोर्ट असतात. यंत्र काही वर्षे वापरल्यावर साठवण पुरेनाशी होते, किंवा मोठ्या चित्रफिती हलवताना ते संथ वाटू लागते. अशा वेळी संपूर्ण यंत्र न बदलता त्यात अधिक वेगवान डिस्क बसवणे आणि जालाचे विस्तार कार्ड जोडणे हे दोन मार्ग उपलब्ध असतात. या दोन्ही मार्गांना मिळून येथे गतिवृद्धी असे म्हटले आहे.

घरगुती नॅसवर जे साठवलेले असते त्याची दुसरी प्रत पुष्कळदा कोठेच नसते. लग्नसमारंभाच्या चित्रफिती, दिवंगत आप्तांची छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रतिमा असा हा ऐवज असतो. डिस्क बदलण्याच्या कामात तो गमावण्याचा संभव असल्यामुळे गतिवृद्धीचा विचार केवळ वेगाच्या आकड्यांपुरता करता येत नाही.

पार्श्वभूमी

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकाने जालावरून वापरावी ही कल्पना १९८० च्या दशकात रुजली. आयबीएममध्ये बॅरी फाइगनबाउम यांनी एसएमबी या शिष्टाचाराचा पाया घातला आणि १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस प्रसिद्ध केला. आजचे नॅसही याच दोन शिष्टाचारांवर चालतात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सांबा या मुक्त आज्ञावलीची पहिली आवृत्ती लिहिली. तिच्यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांना विंडोज संगणकांशी फाइलींची देवाणघेवाण करता येऊ लागली. घरगुती नॅसची बाजारपेठ उभी राहिली ती मुख्यतः या आज्ञावलीच्या जोरावर. तैवानमधील सिनॉलॉजी ही कंपनी २००० मध्ये, तर क्यूनॅप ही २००४ मध्ये स्थापन झाली. जुन्या संगणकाचेच नॅस बनवू इच्छिणाऱ्यांसाठी २००५ मध्ये फ्रीनॅस ही मुक्त प्रणाली आली. तिचा वारसा आज ट्रूनॅस या नावाने चालू आहे.

अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी निकामी झाली तरी माहिती टिकवण्याच्या पद्धतीस रेड म्हणतात. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली.

वेग कोठे अडतो

जालाचा वेग बिटमध्ये आणि डिस्कचा वेग बाइटमध्ये सांगण्याची रीत आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ही गोष्ट नजरेआड झाल्यानेच बहुतेक गैरसमज होतात. सेकंदाला १ गिगाबिट वेगाचे जाल म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. त्यातून शिष्टाचारांचा खर्च वजा जाता हातात ११० ते ११८ मेगाबाइट पडतात. साधी ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास सहज पोचते. याचा अर्थ असा की, १ गिगाबिटच्या पोर्टमागे एकच डिस्क असली तरी अडथळा डिस्कचा नसून जालाचा असतो. अशा यंत्रात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास मोठ्या फाइलींच्या नकलेचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो, आणि वापरणाऱ्याचा हिरमोड होतो.

एक टेराबाइट माहिती हलवायची झाल्यास १ गिगाबिटच्या जालावर सुमारे अडीच तास लागतात. २.५ गिगाबिटच्या जालावर हेच काम तासाभरात होते. १० गिगाबिटच्या जालावर, दोन्ही टोकांच्या डिस्क तेवढा वेग देऊ शकत असतील तर, १६ ते १७ मिनिटे पुरतात. या शेवटच्या अटीकडे जाहिरातींत बहुधा दुर्लक्ष होते.

फाइली लहान आणि पुष्कळ असतील तर चित्र वेगळे दिसते. हजारो छायाचित्रांच्या लघुप्रतिमा उघडताना सलग वेगाला महत्त्व नसते. डिस्कचे शीर्ष दर वेळी नव्या जागी जाण्यास किती अवधी घेते यावर सारे अवलंबून असते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पुरी होते. त्यामुळे हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी ४.१७ मिलिसेकंद जातात. शीर्ष सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर सेकंदाला ७०-८० विखुरलेली वाचनेच होतात. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ही संख्या हजारोंच्या घरात जाते. येथे एसएसडीचा लाभ जुन्या १ गिगाबिट जालावरही स्पष्ट जाणवतो.

यांखेरीज प्रक्रियक व स्मृती यांचाही वाटा असतो. सांकेतिक स्वरूपात साठवण करणारे फोल्डर दुबळ्या प्रक्रियकावर मंदावतात. नुकतीच वाचलेली फाइल नॅस आपल्या स्मृतीत धरून ठेवते. म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा नकलून वेग मोजल्यास फुगीर आकडा मिळतो. खरी मोजणी स्मृतीच्या कित्येक पट मोठ्या फाइलीवर करावी लागते.

वेगवान डिस्क

हार्ड डिस्कमध्ये ५४०० आणि ७२०० फेऱ्यांच्या असे दोन वर्ग प्रचलित आहेत. बाहेरच्या कडेवरील वेग आतल्या वर्तुळांपेक्षा जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे डिस्क भरत जाते तशी ती संथ होत जाते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क अहोरात्र चालण्यासाठी व शेजारच्या डिस्कच्या कंपनांना तोंड देण्यासाठी बनवलेल्या असतात. वाचनात चूक आढळल्यास त्या फार काळ अडून न बसता रेडला ताबडतोब कळवतात. संगणकासाठीची साधी डिस्क याच जागी मिनिटभर धडपडत राहते. रेड तिला मृत समजून बाहेर काढते आणि धडधाकट डिस्क विनाकारण बाद होते.

मुद्रणाची पद्धत हा डिस्कखरेदीतील कळीचा मुद्दा आहे. पारंपरिक पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, माहितीचे मार्ग एकमेकांशेजारी अलग असतात. एसएमआर पद्धतीत कौलांप्रमाणे एक मार्ग दुसऱ्यावर काहीसा चढवलेला असतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. मात्र मधला एक मार्ग बदलायचा झाला तर त्यावर चढलेले पुढचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. कौलारू घराचे मधले कौल बदलणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. थोडे लेखन असेल तर डिस्क ते आपल्या राखीव भागात सांभाळून घेते. सलग कित्येक तास लेखन चालले की ती कोलमडते. रेडची पुनर्बांधणी हे नेमके असे काम आहे.

२०२० च्या एप्रिल महिन्यात वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या, नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असून विक्रीच्या माहितीत तसा उल्लेख नव्हता हे उघड झाले. ग्राहकांना याचा सुगावा लागला तो जुन्या रेडमध्ये नवी डिस्क बसवताना पुनर्बांधणी रखडल्यामुळे किंवा फसल्यामुळे. झेडएफएस प्रणालीवर केलेल्या एका परीक्षणात सीएमआर डिस्कना दिवसभरापेक्षाही कमी वेळ लागला, तेथे एसएमआर डिस्कने नऊ दिवसांहून अधिक घेतले. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले. त्यानंतर कंपनीने कोणत्या डिस्कची पद्धत कोणती हे जाहीर केले आणि सीएमआर डिस्कसाठी 'रेड प्लस' असे वेगळे नाव दिले. आज प्रमुख उत्पादकांच्या संकेतस्थळांवर ही माहिती मिळते. दुकानातील वेष्टनावर ती असेलच असे नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी डिस्कचा संपूर्ण प्रतिमान-क्रमांक तपासणे आवश्यक ठरते.

एसएसडी दोन रूपांत येतात. साटा जोडणीच्या एसएसडीला सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटची मर्यादा असते आणि ती नॅसच्या नेहमीच्या कप्प्यात बसते. एनव्हीएमई प्रकारच्या, च्युइंगगमच्या कांडीएवढ्या एसएसडीसाठी एम.२ खाच लागते. तिचा वेग कित्येक पट अधिक असतो. एसएसडीवर किती लेखन करता येईल याला मर्यादा आहे. १ टेराबाइटच्या मध्यम प्रतीच्या एसएसडीसाठी उत्पादक साधारणपणे ६०० टेराबाइट लेखनापर्यंत हमी देतात. घरगुती वापरात एवढे लेखन होण्यास बरीच वर्षे लागतात. पेशीमागे चार बिट साठवणाऱ्या स्वस्त एसएसडीचा सुरुवातीचा वेग आकर्षक दिसतो. तिचा आतला जलद भाग भरला की तो हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो.

कॅशे म्हणून एसएसडी

सर्व साठवण एसएसडीवर नेणे महाग पडते. म्हणून हार्ड डिस्क तशाच ठेवून त्यांच्यापुढे एक-दोन एसएसडी कॅशे म्हणून लावण्याची सोय पुष्कळ नॅसमध्ये असते. वारंवार लागणारा भाग यंत्र आपोआप एसएसडीवर आणून ठेवते. वाचनापुरता कॅशे निर्धोक असतो, कारण मूळ प्रत हार्ड डिस्कवर असतेच. एसएसडी बिघडली तर फक्त वेग जातो. लेखनाचाही कॅशे ठेवला, तर काही माहिती काही काळ केवळ एसएसडीवरच असते. त्या अवधीत ती एसएसडी बिघडली किंवा कोणी ती उपसून काढली, तर संपूर्ण खंडच वाचता न येण्यापर्यंत पाळी येऊ शकते. यासाठी लेखनाच्या कॅशेला एकमेकींची प्रतिकृती असलेल्या दोन एसएसडी लावल्या जातात.

चित्रपट पाहणे, आठवड्यातून एकदा संगणकाची प्रत घेणे यांसारख्या कामांत एकच फाइल सरळ आरंभापासून शेवटपर्यंत वाचली वा लिहिली जाते. तेथे कॅशेचा उपयोग फारच थोडा. घरगुती ग्राहकाला कॅशेची भलामण जितक्या हिरिरीने केली जाते, तितका लाभ त्याला होत नाही, असेच म्हणावे लागते. तेच पैसे स्मृती वाढवण्यासाठी वा जालासाठी खर्च केल्यास ते बहुधा अधिक कारणी लागतात.

जालाचे विस्तार कार्ड

तांब्याच्या तारेवरील १ गिगाबिट इथरनेटचे प्रमाण १९९९ मध्ये, तर १० गिगाबिटचे २००६ मध्ये निश्चित झाले. मधल्या २.५ आणि ५ गिगाबिटच्या पायऱ्या मात्र नंतर, २०१६ मध्ये आल्या. भिंतीत आधीच टाकलेली केबल न उखडता वेग वाढावा ही गरज त्यामागे होती. क्रमाच्या या उलटापालटीचा एक परिणाम खरेदीदाराला अजूनही भोवतो. २०१६ पूर्वी बनलेली १० गिगाबिटची कार्डे मधल्या पायऱ्या ओळखत नाहीत. उदाहरणार्थ, इंटेलचे एक्स५४० हे जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे कार्ड २.५ गिगाबिटच्या स्विचला जोडले, तर ते थेट १ गिगाबिटवर उतरते. त्यानंतरचे एक्स५५० किंवा अक्वांशियाचे एक्यूसी१०७ या मधल्या पायऱ्याही जाणते.

कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसवायचे तिच्या मार्गिका मोजून पाहाव्या लागतात. तिसऱ्या पिढीच्या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट, दुसऱ्या पिढीच्या मार्गिकेतून ५०० मेगाबाइट जाऊ शकतात. १० गिगाबिटच्या पोर्टची गरज १२५० मेगाबाइटची आहे. म्हणजे तिसऱ्या पिढीची एक मार्गिका किंचित अपुरी पडते आणि दोन पुरेशा होतात. कार्ड आणि खाच यांतील जी पिढी जुनी, तिच्याच वेगाने व्यवहार होतो. त्यामुळे दुसऱ्या पिढीचे आठ मार्गिकांचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांच्या खाचेत बसवल्यास २००० मेगाबाइटची वाट मिळते. एका पोर्टसाठी ती पुष्कळ झाली. मात्र खाचेची लांबी आठची असून आतून मार्गिका चारच जोडलेल्या असणे, किंवा खाच मागून बंद असल्याने लांब कार्ड बसूच न शकणे, हे दोन्ही प्रकार नेहमी आढळतात. लहान यंत्रांत कार्डाची पट्टीही आखूड लागते.

काही कार्डांवर जाल-पोर्ट आणि एम.२ खाचा दोन्ही असतात. सिनॉलॉजीचे ई१०एम२०-टी१ आणि क्यूनॅपच्या क्यूएम२ मालिकेतील काही कार्डे या जातीची आहेत. नॅसमध्ये खाच एकच असताना ती सोयीची पडतात. तयार नॅसमध्ये कोणते कार्ड चालेल हे प्रणालीत त्याची चालक-आज्ञावली आहे की नाही यावर ठरते, आणि ती बाहेरून घालणे सहसा सोपे नसते. स्वतः जोडलेल्या, लिनक्स किंवा ट्रूनॅसवर चालणाऱ्या यंत्रात निवडीला अधिक वाव असतो.

पोर्टचेही दोन प्रकार आहेत. एक नेहमीच्या केबलचा आणि दुसरा एसएफपी प्लस म्हणून ओळखला जाणारा, ज्यात प्रकाशतंतूचा किंवा तांब्याचा जोड घालता येतो. यंत्रे एकाच कपाटात असतील तर एसएफपी प्लसची दोन-तीन मीटरची तयार तांब्याची केबल सर्वांत स्वस्त पडते आणि तापतही नाही. नेहमीच्या केबलवरील १० गिगाबिटला अधिक वीज लागते. एसएफपी प्लसच्या खाचेत नेहमीच्या केबलचा जोड घातल्यास तो हाताला चटका बसेल इतका तापतो. मोठ्या संगणककेंद्रांतून निवृत्त झालेली कार्डे तेथील जोरकस पंख्यांच्या वाऱ्यावर विसंबून बनवलेली असतात. घरातील बंदिस्त पेटीत त्यांच्यावर वेगळा लहान पंखा बसवावा लागतो.

नॅसला दोन पोर्ट असले तर ती जोडून दुप्पट वेग मिळेल अशी समजूत आहे. पोर्ट जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत एका संगणकाचा एक व्यवहार एकाच तारेतून जातो. लाभ होतो तो अनेक जण एकाच वेळी नॅस वापरत असतील तर. एका संगणकाला खराच दुप्पट वेग हवा असेल तर एसएमबीच्या २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतील बहुमार्गी सुविधा दोन्ही टोकांना चालू करावी लागते.

केबल आणि स्विच

२.५ गिगाबिटला कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. १० गिगाबिटसाठी कॅट ६ ची मर्यादा ५५ मीटर, तर कॅट ६ए ची १०० मीटर आहे. घरातील अंतरे पाहता कॅट ६ सहसा पुरते. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते, ती टाळावी.

वेग वाढवायचा तर नॅसचे कार्ड, मधला स्विच आणि संगणकाचे कार्ड हे तिन्ही दुवे बदलावे लागतात. आंतरजाल पुरवणाऱ्याने दिलेल्या राउटरची पोर्ट बहुधा १ गिगाबिटचीच असतात. त्यामुळे नॅस व संगणक राउटरला न जोडता वेगळ्या स्विचला जोडून त्या स्विचची एक तार राउटरकडे नेतात. वेगाची गरज एकाच संगणकाला असेल तर स्विचचीही आवश्यकता नसते. दोन्ही कार्डे एका केबलने थेट जोडून त्यांना १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२ असे स्वतंत्र पत्ते दिले की काम भागते. नॅस मात्र त्यानंतर नव्या पत्त्यानेच उघडावे लागते. जुन्या नावाने उघडल्यास वाहतूक निमूटपणे जुन्याच संथ मार्गाने जाण्याची शक्यता असते. घरातील सर्व उपकरणे वाय-फायवर असतील तर नॅसमध्ये १० गिगाबिटचे कार्ड बसवून फारसे काही साधत नाही.

डिस्क बदलताना

एक उदाहरण घेऊ. चार कप्प्यांच्या नॅसमध्ये ४ टेराबाइटच्या चार डिस्क रेड ५ पद्धतीने बसवलेल्या आहेत. वापरता येणारी जागा १२ टेराबाइट. त्याजागी ८ टेराबाइटच्या डिस्क बसवायच्या तर एक काढून एक घालण्याची पद्धत आहे. दर वेळी यंत्र उरलेल्या तीन डिस्क वाचून चौथीवरील मजकूर नव्याने बांधते. सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला तरी ४ टेराबाइटला सुमारे साडेसात तास लागतात. चार डिस्क मिळून तीस तास. प्रत्यक्षात वापर चालू असल्यास याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. वाढीव जागा चौथी डिस्क बसल्यावरच मिळते.

या साऱ्या काळात रेडचे संरक्षण नसते. त्याच वयाच्या, त्याच खोलीत, तितकेच तास चाललेल्या उरलेल्या तीन डिस्कवर नेमका तेव्हाच सर्वाधिक ताण पडतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १०^१४ बिटांमागे एका न वाचता येणाऱ्या चुकीची शक्यता नमूद असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टेराबाइट, आणि वरील उदाहरणात प्रत्येक पुनर्बांधणीत १२ टेराबाइट वाचले जातात. प्रत्यक्षातील डिस्क या आकड्यापेक्षा चांगल्या वागतात हे खरे. तरीही पुनर्बांधणी सुरू करण्यापूर्वी संपूर्ण माहितीची प्रत यंत्राबाहेर असणे अनिवार्य आहे. रेड म्हणजे प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून तत्परतेने पुसते. नॅसमध्ये कप्पा रिकामा असल्यास नवी डिस्क त्यात घालून जुनी काढण्यापूर्वीच मजकूर हलवण्याची सोय काही प्रणालींत आहे. ती असल्यास तीच वापरावी.

कोणती डिस्क चालेल यावरही उत्पादकाचे नियंत्रण असू शकते. सिनॉलॉजीने २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या त्या वर्षीच्या प्लस मालिकेसाठी स्वतःच्या अथवा स्वतः प्रमाणित केलेल्या डिस्कची अट जाहीर केली. ग्राहकांत त्यावर मोठी नाराजी पसरली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रणालीच्या ७.३ या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्क व साटा एसएसडी यांच्यापुरती ती अट सैल करण्यात आली.

देवनागरी फाइलनावे

जुन्या विंडोज डिस्कवरून नव्या नॅसवर मजकूर हलवताना मराठी वापरकर्त्यांना एक खास अडचण येते. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत फाइलच्या नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये ती २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षराला एक, तर देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'महाराष्ट्रातील' या एका शब्दाची १४ चिन्हे व ४२ बाइट होतात. म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांतच संपते. सिनॉलॉजीच्या जुन्या पद्धतीच्या सांकेतिक फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे अवघ्या ४७ चिन्हांची आहे. लेखाचे पूर्ण शीर्षक फाइलला देण्याची सवय असलेल्यांच्या फाइली नकलेत मागे राहतात, आणि हजारोंच्या यादीत ते लक्षातही येत नाही. नक्कल संपल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या ताडून पाहणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दुसरी अडचण 'ऱ' या अक्षराची. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस मांडणीतील डिस्क हे नाव दुसऱ्या प्रकारे साठवतात. काही कळफलक तर र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीच रचना करतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. नॅसला मात्र ती वेगळी नावे वाटतात. परिणामी एकाच फाइलच्या दोन प्रती शेजारी शेजारी तयार होतात, किंवा शोध घेतल्यास असलेली फाइल सापडत नाही. मॅकवरून आरसिंक या आज्ञावलीने नक्कल करताना नावांचे संकेतन बदलण्याचा पर्याय दिल्यास पहिल्या दोन रूपांतील हा घोळ टळतो.

वीज आणि उष्णता

चालू असलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क पाच ते आठ वॅट वीज घेते. १० गिगाबिटचे कार्ड त्यात आणखी काही वॅटची भर घालते. एनव्हीएमई एसएसडी तापल्यास स्वतःचा वेग आपणहून कमी करतात, म्हणून त्यांना धातूची उष्णता-पट्टी लावतात. उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ४० अंशांपुढे जाते अशा विदर्भासारख्या प्रदेशात पंख्याची गती 'शांत' या पर्यायावर ठेवणे इष्ट नाही.

वीज अचानक गेल्यास लेखन अर्धवट राहते. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर शेवटचा मजकूर लिहून काढण्यापुरती साठवण करणारे धारित्र बहुधा नसते. त्यामुळे लेखनाचा कॅशे वापरणाऱ्याने यूपीएसशिवाय तो वापरू नये. यूपीएसची यूएसबी तार नॅसला जोडली की वीज गेल्यावर काही मिनिटांत नॅस स्वतःहून रीतसर बंद होते. घरातील नेहमीच्या इन्व्हर्टरला अशी तार नसते. बॅटरी संपेपर्यंत नॅस चालू राहते आणि मग एकाएकी बंद पडते.

काढलेल्या डिस्क

गतिवृद्धीनंतर उरलेल्या जुन्या डिस्क निदान काही महिने तशाच जपून ठेवतात. रेड १ मधील एक डिस्क एकटीही वाचता येते. रेड ५ मधील मात्र पुरेशा डिस्क एकत्र असल्याखेरीज काही हाती लागत नाही, आणि एकेक करून बदललेल्या डिस्क वेगवेगळ्या क्षणांच्या असल्याने त्यांची परत मोट बांधता येत नाही. धडधाकट असलेल्या डिस्क बाहेरच्या पेटीत घालून नॅसची प्रत घेण्यासाठी वापरता येतात. अशी प्रत रोजच्या वापरात जालाला जोडलेली नसणे हिताचे असते. २०२१ मधील क्यूलॉकर आणि २०२२ मधील डेडबोल्ट या खंडणीखोर आज्ञावलींनी आंतरजालावर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅपच्या यंत्रांतील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा बाहेर काढून ठेवलेल्या डिस्कवरील प्रतीच शाबूत राहिल्या.

डिस्क विकायची वा टाकायची असल्यास फाइली पुसणे पुरेसे नसते. हार्ड डिस्कवर एकदा संपूर्ण शून्ये लिहितात. एसएसडीसाठी तिच्यातच असलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी लागते, कारण एसएसडी लेखनाच्या जागा आतल्या आत बदलत असल्याने वरून शून्ये लिहून सर्व पेशींपर्यंत पोचता येत नाही. निकामी डिस्क भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे त्यात अपेक्षित आहे.